तोफेचा ठाव घेणारी तार

पावसाळ्याच्या आरंभी आकाशात वीज चमकली म्हणजे घरातील मुले एक, दोन, तीन असे अंक मोजू लागतात आणि गडगडाट कानी पडताच थांबतात. वीज किती दूर पडली हे ठरविण्याचा हा घरगुती हिशेब होय. नदीच्या पैलतीरावर परीट कपडा दगडावर आपटतो, ते आधी दिसते आणि त्याचा आवाज मागाहून ऐकू येतो, हेही पुष्कळांनी पाहिलेले असते. प्रकाश जवळजवळ त्याच क्षणी येऊन पोहोचतो; ध्वनीला मात्र वाट चालावी लागते. साधारण हवेत तो एका सेकंदात सुमारे ११०० फूट, म्हणजे पाच सेकंदांत मैलभर जातो. मराठी शाळेतील मुलालाही करता येईल असा हा हिशेब १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात हजारो माणसांच्या जिवाशी येऊन भिडला. तो अचूक करता यावा म्हणून जे यंत्र तयार झाले, त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे.

त्या युद्धात फ्रान्स व बेल्जियमच्या भूमीवर दोन्ही बाजूंची सैन्ये खंदक खणून समोरासमोर बसली होती. बंदुका होत्या, संगिनी होत्या, विषारी वायूही होता. परंतु सर्वांत अधिक माणसे मारली ती तोफांनी. आणि या तोफा कोठे होत्या? खंदकांच्या मागे दोन, चार, सहा मैलांवर. एखाद्या टेकडीच्या आडोशाला, झाडीत, किंवा रंगविलेल्या जाळ्यांखाली. पूर्वीच्या लढायांत गोलंदाजाला शत्रू दिसे आणि शत्रूला गोलंदाज दिसे. (गोलंदाज हा शब्द हल्ली क्रिकेटच्या मैदानावर जाऊन बसला आहे, मुळात तो तोफ डागणाऱ्याचा आहे.) या युद्धात मात्र मारणाऱ्याला मरणारा दिसत नव्हता आणि मरणाऱ्याला मारणारा दिसत नव्हता. शत्रूची तोफ बंद पाडावयाची तर ती नकाशावर नेमकी कोठे आहे हे कळणे अवश्य होते. विमानातून छायाचित्रे घेत, रात्री तोफेच्या तोंडची चमक दुरून दुर्बिणींनी टिपीत. परंतु धुके पडले किंवा ढग खाली उतरले की हे दोन्ही उपाय आंधळे होत. तोफेला मात्र गप्प राहून गोळा टाकता येत नाही. तेव्हा डोळ्याने जे होत नाही ते कानाने करता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला.

विजेच्या हिशेबात एक सोय आहे. वीज चमकलेली दिसते, म्हणून ध्वनी केव्हा निघाला हे कळते. टेकडीआडच्या तोफेची चमक दिसत नाही. त्यामुळे आवाज केव्हा निघाला हे ठाऊक नसते, केवळ केव्हा पोहोचला एवढेच समजते. तथापि एवढ्यावरही काम भागते. समजा, एका शांत तळ्याच्या काठाशी ओळीने सहा काड्या रोवल्या आहेत आणि कोणी तरी पाण्यात खडा टाकला. खडा पडताना कोणी पाहिला नाही. पण त्याची लाट वर्तुळाकार पसरत काठाकडे आली. ती कोणत्या काडीला आधी लागली, कोणत्या काडीला किती उशिरा लागली, एवढे टिपून ठेवले तर खडा कोठे पडला हे मागाहून काढता येते. दोन काड्यांना लाट एकाच क्षणी लागली तर खडा त्या दोघींपासून सारख्याच अंतरावर पडलेला असला पाहिजे. एकीला एक सेकंद आधी लागली, तर तो तिच्यापासून तितक्या अंतराने जवळ असला पाहिजे. आणि अशा सर्व बिंदूंतून जी वक्ररेषा जाते तिला भूमितीत अपास्त म्हणतात. काड्यांच्या प्रत्येक जोडीमागे असा एकेक अपास्त निघतो. ते सगळे जेथे एकमेकांस छेदतात तेथे खडा पडला, किंवा तेथे तोफ आहे, असे समजावे.

कल्पना इतकी सोपी आहे की युद्ध सुरू होताच ती दोन्हीकडील माणसांना सुचली. अडचण होती ती मोजण्याची. एक शतांश सेकंदात ध्वनी सुमारे ११ फूट चालतो. दोन ठाणी एकमेकांपासून १८०० यार्डांवर आहेत आणि तोफ समोर १०,००० यार्डांवर आहे असे धरले, तर एक शतांश सेकंदाच्या चुकीने तोफेची जागा सुमारे २० यार्डांनी इकडेतिकडे होते. चूक एक दशांश सेकंदाची झाली तर हाच फरक २०० यार्डांवर जातो; म्हणजे तोफ सोडून शेजारच्या शेतावर गोळे पडावयाचे! आता आवाज ऐकून घड्याळाची कळ दाबणाऱ्या माणसाचा विचार करावा. कानाने ऐकले, मेंदूला कळले, बोट हलले, यात सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ सहज जातो. आणि तोही प्रत्येक माणसाचा निराळा, शिवाय सकाळचा निराळा आणि थकल्यानंतरचा निराळा. जर्मन सैन्याने बराच काळ अशा घड्याळवाल्या श्रोत्यांवरच भिस्त ठेवली. त्यांची माणसे शिकलेली होती, कष्टाळू होती. परंतु त्यांच्या हाती असलेले साधन मनुष्याचा कान हेच होते, आणि ते या कामाला पुरेसे नव्हते.

फ्रेंचांनी दुसरी वाट धरली. चार्ल्स नॉर्डमन नावाचा ज्योतिषशास्त्रज्ञ आणि पॅरिसच्या मारे इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारा, जन्माने डब्लिनचा असलेला, ल्यूसियां बुल या दोघांनी माणसाला मधून काढून टाकण्याचा प्रयत्न आरंभला. बुलने या कामी जे यंत्र योजिले ते मूळचे वैद्यकातले होते. हॉलंडमधील लायडन येथे आइन्थोव्हेन नावाच्या प्राध्यापकाने हृदयाच्या ठोक्याबरोबर शरीरात उत्पन्न होणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजण्यासाठी तारेचा गॅल्व्हानोमीटर तयार केला होता. प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एक अतिशय बारीक तार ताणून बसवावयाची. तिच्यातून यत्किंचित प्रवाह गेला तरी ती बाजूस सरते, आणि तिची सावली सरकत्या छायाचित्रपट्टीवर उमटते. आज दवाखान्यात हृदयाचा जो आलेख काढतात त्याचा उगम तेथे आहे. बुलने एकाऐवजी सहा तारा एका चुंबकात बसविल्या, प्रत्येक तार मैदानातील एकेका मायक्रोफोनला जोडली, आणि सहाही तारांच्या सावल्या एकाच फिल्मवर शेजारी शेजारी घेतल्या. नादकाट्याच्या कंपनांवर चालणारे एक दातेरी चाक प्रकाशाच्या वाटेत फिरे, त्यामुळे फिल्मवर दर शतांश सेकंदाला एक आडवी रेघ उमटे. आवाज ज्या ग्राहकापाशी पोहोचला त्याची सावली तेथे वाकडी झालेली दिसे. मग रेघा मोजल्या की काम झाले. हृदयाचे स्पंदन टिपणारे यंत्र अशा रीतीने तोफेची नाडी पाहू लागले.

१९१५ च्या उन्हाळ्यात इंग्रजी युद्धखात्याच्या कानावर हे प्रयोग आले, आणि ते पाहावयास कोणास तरी पाठवावे असे ठरले. निवड झाली ती विल्यम लॉरेन्स ब्रॅग या घोडतोफखान्यातील तरुण अधिकाऱ्याची. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथे १८९० साली जन्मलेल्या या गृहस्थाने वडिलांच्या सहकार्याने क्ष-किरणांच्या योगे स्फटिकांची अंतर्रचना उकलून दाखविली होती. परंतु युद्ध सुरू होताच तो लेस्टरशायरच्या शिकारी घोडेस्वारांच्या मेळाव्यात कवायत करीत बसला होता. अशी माणसे कोणत्या कामाला लावावी याचा विवेक त्या वेळी कोणत्याच सरकारला पुरता नव्हता. मूलद्रव्यांचा अनुक्रम क्ष-किरणांनी निश्चित करणारा हेन्री मोझले हा सत्तावीस वर्षांचा शास्त्रज्ञ त्याच १९१५ च्या ऑगस्टात गॅलिपोलीच्या रणात गोळी लागून मेला. त्याला घरी ठेवून घेतले असते तर विज्ञानाचा किती लाभ झाला असता, याची हळहळ पुढे रदरफर्डसारख्या थोरांनी बोलून दाखविली.

ब्रॅगच्या घरीही तो घाव बसला. त्याच गॅलिपोलीत, सप्टेंबर महिन्यात, त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट जखमी होऊन मरण पावला. पुढच्या महिन्यात ब्रॅग व त्याचा सहकारी हॅरॉल्ड रॉबिन्सन यांनी बेल्जियममध्ये ईप्र शहराच्या दक्षिणेस इंग्रजी सैन्याचे पहिले ध्वनिवेधाचे ठाणे मांडावयास घेतले. आणि नोव्हेंबरात, यंत्रे व तारा यांच्या त्या गोंधळात, पितापुत्रांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाल्याची वार्ता येऊन थडकली. पुत्राचे वय त्या वेळी अवघे पंचवीस होते. विज्ञानाच्या शाखांत इतक्या कोवळ्या वयात हा मान आजपर्यंत दुसऱ्या कोणासही मिळालेला नाही. ज्या घरी तो उतरला होता तेथील गावच्या धर्मगुरूने तळघरातून मद्याची बाटली आणून हा प्रसंग साजरा केला. दोन महिन्यांच्या अवधीत एक पुत्र गेल्याचे पत्र आणि दुसऱ्याच्या गौरवाची तार ज्या आईबापांना आली, त्यांना त्या गौरवाचा आनंद कितपत घेता आला असेल याची कल्पना करावी.

इकडे यंत्र तर नीट चालले, परंतु काम होईना! फिल्मवर सावल्या वाकड्या होत, पण भलत्याच आवाजांनी. येथे तोफेच्या आवाजाविषयी थोडे सांगितले पाहिजे. लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा ध्वनीपेक्षा अधिक वेगाने सुटतो. पाण्यातून जलद जाणाऱ्या होडीच्या नाकापासून जशी दोन्ही बाजूंस लाट फाटत जाते, तशी या गोळ्यापासून हवेत एक तीक्ष्ण लाट फाटत जाते. ती जेथून जाईल तेथे चाबूक ओढल्यासारखा कडाका ऐकू येतो. हा कडाका आधी येतो, प्रत्यक्ष तोफेच्या तोंडचा आवाज त्याच्या मागून येतो, आणि गोळा जेथे पडतो तेथे फुटण्याचा आवाज निराळाच. म्हणजे एका तोफेचे आवाज तीन, आणि उपयोगाचा त्यांतला एकच: तोंडचा. कडाका कोठून आला हे कळून लाभ नाही, कारण तो तोफेपासून निघालेलाच नसतो. तो वाटेतल्या गोळ्यापासून निघालेला असतो. दुर्दैव असे की टेलिफोनात त्या काळी वापरीत तसले कोळशाच्या कणांचे मायक्रोफोन त्या कडाक्याला चटकन साद देत, बंदुकीच्या बाराला देत, जवळून जाणाऱ्या गाडीला देत, कुत्र्याच्या भुंकण्यालाही देत. आणि तोफेच्या तोंडच्या आवाजाला मात्र जवळजवळ मुळीच देत नसत. ऑक्टोबर १९१५ पासून पुढचा उन्हाळा येईपर्यंत ब्रॅगचे ठाणे या अडचणीत रुतून बसले होते. ठाणे आहे, माणसे आहेत, तारा आहेत, आणि हाती येणारे उत्तर बहुधा निरुपयोगी! युद्धभूमीवर अशा ठाण्याला फार दिवस पोसत नाहीत.

ही गाठ सुटली ती दोन अगदी सामान्य अनुभवांमुळे, आणि त्यांतील पहिला सांगताना सभ्यतेची किंचित सूट घ्यावी लागेल. ज्या शेतघरात ब्रॅग राहत असे तेथील शौचकूपाला खिडकी नव्हती. दार लावून घेतले की बाहेरच्या हवेशी संबंध उरे तो केवळ बैठकीखालच्या नळातून. शेजारी इंग्रजांची सहा इंची तोफ होती. ती सुटे तेव्हा तिच्या तोंडचा आवाज कानाला फारसा जाणवत नसे; पण बैठकीवर बसलेला ब्रॅग किंचित वर उचलला जाई! दुसरा कोणी असता तर वैतागला असता. ब्रॅगच्या मनात मात्र असे आले की ज्या आवाजात माणसाला उचलण्याइतका जोर आहे तो दुबळा खचित नव्हे. त्याचा दाब मोठा आहे. केवळ त्याची कंपने इतकी संथ आहेत की कानाला ती कळत नाहीत. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे २० कंपनांच्या खालचा ध्वनी ऐकू येत नाही, आणि मोठ्या तोफेच्या तोंडून निघणाऱ्या शक्तीचा बराच भाग त्या मर्यादेच्या आसपास व तिच्या खालीच असतो. तोफ ओरडत होती, पण ज्या सप्तकात ती ओरडत होती ते कान आणि कानाच्या धर्तीवर बनविलेले मायक्रोफोन यांच्या आवाक्याबाहेर होते.

सुदैवाने त्याच सुमारास विल्यम टकर नावाचा एक कॉर्पोरल या ठाण्यावर आला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि हवेच्या झुळकेने तापलेली बारीक तार कशी थंड होते यासंबंधी त्याने प्रयोग केले होते. त्याची झोपण्याची जागा म्हणजे डांबरी कागदाच्या भिंतींची एक खोपटी होती. त्या कागदाला भोके पडलेली होती, आणि तोफ सुटली की त्या भोकातून थंड हवेचा बारीक झोत त्याच्या तोंडावर येई. एकाला बैठक उचलत होती, दुसऱ्याला भोक फुंकर घालीत होते. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर पुढचे पाऊल सहज पडले. एक बंद पेटी घ्यावी, तिला एक भोक पाडावे, आणि त्या भोकावर विजेने तापविलेली तार ताणून बसवावी. तोफेच्या संथ दाबाची लाट आली की हवा भोकातून आतबाहेर करील, तार थंड होईल, आणि थंड तारेचा विजेला होणारा विरोध कमी होईल. हा फरक गॅल्व्हानोमीटरला कळविणे ही पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असलेली, व्हीट्स्टन ब्रिजच्या जोडणीची गोष्ट होती.

तार मात्र नेहमीची चालण्यासारखी नव्हती. जाड तार थंड व्हावयास वेळ लावते. तेव्हा ती केसाच्याही लहानशा अंशाइतकी बारीक हवी. अशी तार ओढावी कशी? येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वोलस्टन नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने काढलेली युक्ती उपयोगी पडली. प्लॅटिनमच्या तारेवर चांदीचे जाड कवच चढवून दोन्ही मिळून बारीक ओढावयाची, आणि शेवटी आम्लात बुडवून चांदी विरघळवून टाकावयाची. आतली प्लॅटिनमची तार नुसत्या डोळ्यास मोठ्या कष्टाने दिसेल अशी शिल्लक राहते. अशी तार इंग्लंडहून मागविण्यात आली. १९१६ च्या जूनमध्ये दारूगोळ्याच्या एका रिकाम्या पेटीला भोक पाडून ती त्यावर बसविली, आणि सगळे जण शत्रूच्या तोफेची वाट पाहू लागले. तोफ सुटली; फिल्म धुऊन पाहतात तो गोळ्याच्या कडाक्याची खूण जेमतेम दिसते आहे, आणि तोफेच्या तोंडचा आवाज मात्र ठळक, स्वच्छ उमटला आहे! कडाक्याची कंपने फार द्रुत असतात. हवा आत शिरते न शिरते तोच मागे फिरते, आणि तारेला थंड व्हावयास सवडच मिळत नाही. बंदूक, गाडी, कुत्रे हे सगळे त्याच कारणाने वगळले गेले. आजवर प्रत्येक जण अधिक तीक्ष्ण कान शोधीत होता. हवा होता तो नको त्या आवाजांना बहिरा असणारा.

पुढचे सर्व काम शिस्तीचे आणि कष्टाचे होते. ठाण्याचे सहा ग्राहक सुमारे ९००० यार्डांच्या लांबीत, आघाडीच्या रेषेमागे ओळीने मांडलेले असत आणि त्यांची जागा भूमापकांनी काटेकोर मोजलेली असे. त्यांच्या पुढे, खंदकांच्या जवळ, एक पहारेकरी बसे. फिल्म दिवसभर फिरती ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून तोफेचा आवाज ग्राहकांपर्यंत पोहोचण्याच्या काही सेकंद आधी या माणसाने तो ऐकून कळ दाबावयाची आणि मागे ठाण्यात यंत्र सुरू व्हावयाचे, अशी योजना होती. फिल्म तेथल्या तेथे धुऊन, रेघा मोजून, नकाशाच्या फळीवर दोरे ताणून जागा काढीत. चांगले दोरे एका बिंदूत मिळत. दोरे विस्कटले तर काही तरी चुकले असे समजावयाचे. काही मिनिटांत तोफेचा पत्ता तोफखान्याकडे जाई. हवा अनुकूल असली तर हा पत्ता २५ ते ५० यार्डांपर्यंत बरोबर येई. शिवाय फिल्मवरील खुणेवरून तोफ कोणत्या मापाची आहे याचाही अंदाज बांधता येई. या यंत्राचे सर्वांत कच्चे अंग म्हणजे त्याच्या तारा. ग्राहकांपासून ठाण्यापर्यंत मैलोगणती तारा जमिनीवरून गेलेल्या. गोळा पडला की त्या तुटत, आणि त्या जोडावयास माणसांना गोळ्यांच्या वर्षावात जावे लागे. प्लॅटिनमच्या तारेचे कौतुक सर्वत्र आढळते. तांब्याची तार जोडीत चिखलात सरपटणाऱ्या या माणसांचे तेवढे आढळत नाही.

दुसरा शत्रू वारा. वारा ध्वनीला पुढे नेतो किंवा मागे ओढतो, आणि थंडी-उष्म्याने ध्वनीचा वेग बदलतो. उष्णता एक सेंटिग्रेड अंश वाढली की तो सेकंदास सुमारे दोन फुटांनी वाढतो. या सर्वांची वजाबाकी केल्यावाचून उत्तर खरे येत नसे. म्हणून पिछाडीस ठरावीक जागी दारूचे स्फोट मुद्दाम घडवून त्यांचा आवाज किती वेळात येतो हे मोजणाऱ्या स्वतंत्र तुकड्या नेमल्या गेल्या. तरीही एका गोष्टीपुढे इलाज नव्हता. त्या प्रदेशात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे इंग्रजांकडून जर्मनांकडे. जमिनीलगत वारा मंद आणि वर जलद असतो. त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर येणारा ध्वनी वर वळून डोक्यावरून निघून जातो. पश्चिमेचा वारा जोरात असला की ठाणे रिकामे बसे. पूर्वेचा मंद वारा किंवा दाट धुके असले की त्यांची सुगी. जर्मनांच्याही ते ध्यानात आले होते. इंग्रजांचा ध्वनिवेध फार चांगला असल्याने आसपास शांतता असता, विशेषतः पूर्वेचा वारा वाहत असता, एकट्या तोफखान्याने गोळे टाकू नयेत, अशा आशयाचे एक जर्मन आज्ञापत्र इंग्रजांच्या हाती लागले. ब्रॅगच्या मंडळींना याहून चांगले प्रशस्तिपत्रक कोण देणार! या मंडळींत चार्ल्स डार्विनचा नातू, त्याच नावाचा पदार्थवैज्ञानिक चार्ल्स गॉल्टन डार्विन हाही होता. युद्धापूर्वी त्याने मोझलेच्या बरोबर क्ष-किरणांवर काम केले होते.

या साधनाचा युद्धाच्या रीतीवर काय परिणाम झाला हे दोन लढायांवरून दिसते. पूर्वी मोठा हल्ला करावयाचा तर आपल्या तोफांनी आधी गोळे टाकून नेम जुळवून घ्यावा लागे. त्यामुळे शत्रूला हल्ल्याची वर्दी आपसूक मिळे. २० नोव्हेंबर १९१७ रोजी काम्ब्रे येथे इंग्रजांनी ही रीत मोडली. शत्रूच्या तोफांची स्थाने नकाशावर आधीच मांडलेली, आपल्या तोफांची स्थाने मोजलेली, आणि पहाटे सुमारे हजार तोफा पूर्वसूचनेशिवाय एकदम सुटल्या. साडेचारशेवर रणगाडे निघाले तेव्हा समोरचे सैन्य बेसावध सापडले. त्या दिवशी मिळविलेले बरेचसे पुढे प्रतिहल्ल्यात गेले, ही गोष्ट निराळी. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियां येथे हेच अधिक पूर्णतेने घडले. तेथील ५३० जर्मन तोफांपैकी ५०४ तोफांचा ठाव हल्ल्यापूर्वीच लागलेला होता. हे श्रेय एकट्या ध्वनिवेधाचे नव्हे. विमानांची छायाचित्रे आणि चमक टिपणाऱ्या दुर्बिणी यांचाही त्यात वाटा होता. परंतु धुक्यात व ढगाळ दिवसांत ज्या तोफा सापडल्या त्या तारेने शोधल्या होत्या.

हे वाचताना एक गोष्ट विसरू नये. नकाशावर दोरे ज्या बिंदूत मिळत, त्या बिंदूपाशी पाच-सात माणसे उभी असत. त्यांनाही आईबाप होते, आणि त्यांच्याकडून सुटलेल्या गोळ्याने समोरची माणसे मरत होती हेही तितकेच खरे. पत्ता तोफखान्याकडे गेला की काही वेळाने त्या जागेवर गोळे पडू लागत. यंत्राला यातले काही ठाऊक नव्हते. ते यंत्र उभारणाऱ्यांना सर्व ठाऊक होते, आणि त्यांतल्या एकाचा भाऊ अशाच युद्धात गेलेला होता.

१९१९ साली ब्रॅग मँचेस्टरला प्राध्यापक म्हणून गेला आणि पुन्हा स्फटिकांकडे वळला. टकर मात्र ध्वनीपाशीच राहिला. विमाने दुरून ऐकू यावी म्हणून त्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर काँक्रीटचे मोठमोठे अंतर्वक्र ध्वनि-आरसे उभारविले. केंट परगण्यात डेंज येथे २०० फूट लांबीची अशी एक वक्र भिंत १९३० साली पुरी झाली. परंतु विमानांचा वेग वर्षागणिक वाढत गेला, आणि आवाज येऊन पोहोचेपर्यंत विमानही निम्मी वाट चालून येऊ लागले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ रेडिओच्या लहरी विमानावरून परत आलेल्या प्रथम टिपल्या गेल्या, आणि रडारच्या त्या उदयाबरोबर काँक्रीटच्या भिंतींचे काम संपले. त्या अजून समुद्रकाठी उभ्या आहेत. प्रवासी त्या पाहावयास जातात.

ध्वनिवेधाचा दुसरा एक फाटा जमिनीखाली उतरला. जमिनीतून जाणाऱ्या हादऱ्यांवरून तोफा शोधण्याचा प्रयत्न जर्मनीत लुडगर मिंट्रॉप याने केला होता. १९१९ साली त्याने हीच पद्धत उलट फिरवून, म्हणजे स्फोटाची जागा ठाऊक धरून मधले खडक शोधण्यासाठी, तिचे पेटंट मागितले. अमेरिकेत युद्धकाळी तोफांच्या आवाजावर काम केलेला क्लॅरेन्स कार्चर याने १९२१ साली ओक्लाहोमा येथे जमिनीत स्फोट करून खोल थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपले. आज खनिज तेलाचे साठे ज्या रीतीने शोधतात तिचा तो आरंभ होय.

मूळ कामही बंद पडलेले नाही. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठी चढाई केल्यानंतर त्या देशाने खांबांवर हजारो स्वस्त मायक्रोफोन बसवून, वैमानिकाशिवाय उडणाऱ्या यंत्रांचा आवाज पकडणारे जाळे विणले आहे. या यंत्रांचा घरघराट मनुष्याच्या कानाला चांगला ऐकू येणारा असतो. त्यामुळे तेथे साधा मायक्रोफोन चालतो, आणि तापलेल्या तारेची गरज लागत नाही.